वजाबाकी

करवंदपाड्याच्या शाळेमागे, हातभर खोल,
आम्ही एक कान पुरला आहे.
त्याला जे ऐकू येतं ते इथे दिंडोरी रोडवर
माझ्या टेबलावर हिरवी रेघ होऊन येतं.

पहिला महिना नुसता ओळखीत गेला.
पहाटे साडेचारचे ठोके: येसू बेंडकोळी भात कांडतेय.
सात चाळीस: वळणावर एस.टी. गिअर बदलते.
मधल्या सुट्टीत मुलींची लंगडी, एकाच पायाची.
आणि एक गाय, जी दर दुपारी
नेमकी त्या कानावरच येऊन बसते.
एकेक ओळखायचं, वजा करायचं.
उरेल तो डोंगर.

डोंगर बहुतेक दिवस काहीच बोलत नाही.

शहराला पूर कळतो दुतोंड्या मारुतीकडे बघून.
घोट्याला लागलं. कमरेला लागलं.
छातीशी आलं की भांडीबाजारातला माल माळ्यावर चढतो.
मारुती कधी चुकत नाही.
चुकेल कसा, पाणी आलेलंच असतं.

मी चुकते.
श्रावणात रेघ फुगली आणि मी फोन केला.
येसूनं, अंगणवाडीताईनं, अख्खा पाडा उठवला,
सगळे रात्रभर टेकाडावर भिजत बसले.
डोंगर जागच्या जागी.
खाली नदीत धोंडे गडगडत होते,
मी त्यांनाच डोंगर समजले होते.
हौसाबाईचा नातू आठ दिवस तापानं फणफणला.
येसू एवढंच म्हणाली,
"ताई, तुमच्या पेटीला जरा झोपू द्या."

मग मी धोंडे शिकले.
पाण्याखाली ते घरंगळतात तेव्हा रेघ जाड होते,
एकसारखी, घोंगडीसारखी.
आता ती जाड झाली की मी आधी धरणावर कळवते,
मारुतीचे घोटे अजून कोरडे असतात.
डोंगराचं तसं नाही. तो तुटक बोलतो.
वाळली शेंग तडकावी तसा.
एक. बऱ्याच वेळानं एक.
मग दोन तडांमधली जागा लहान होत जाते.

गौरी जेवल्या त्या रात्री, दोन वाजून दहा.
पाऊस वजा केला. धोंडे वजा केले.
गाय नव्हतीच.
उरलं ते उरलं.

तिचा फोन खिडकीत असतो, रेंज तिथंच.
सातव्यांदा उचलला.
"येसूताई, निघा."
नुसता पाऊस ऐकू आला. मग,
"या खेपेला खरं का?"
हो म्हणायला जीभ वळेना.
"माहीत नाही. निघा."

आणि मग जे पुसायला मी शिकले होते
तेच रेघेवर यायला लागलं. पावलं.
आधी चार-दोन, मग गर्दी,
गुरांचे जड खूर, मध्येच एक काठी.
मोजत होते, मोजता येईना.
टेकाडाकडे जात जात ती बारीक झाली, विरली.

मग एक जोडी परत आली.
हलकी, धावती.
कानावरून खाली, घरांकडे.
कोण गं तू?
मी पडद्याशी बोलत होते, रात्रपाळीचा शिपाई बघत होता.

दोन सत्तेचाळीस.
रेघ वरची चौकट ओलांडून गेली, खालची ओलांडून गेली,
आणि सपाट झाली.

सपाट रेघेतून काही वजा करता येत नाही.

सव्वासातला अनोळखी नंबर.
येसू एकेक नाव घेत होती, घाई नव्हती तिला.
चिमाजी. हौसाबाई. तिचा नातू. दोन्ही लहानग्या.
शाळा गेली. सात घरं गेली.
"आणि तारू. शेळीसाठी माघारी पळाली होती कार्टी.
घेऊन आली.
शेळी चावली तिला."

दिवाळीनंतर नवा कान पुरला, टेकाडापलीकडे.
दुसऱ्या दिवशी फोन.
"माझं उखळ आता इकडं आहे. नीट लिहून घ्या,
नाहीतर उठवाल पुन्हा सगळ्यांना."

लिहून घेतलं.
पहाटे साडेचार, बारीक ठोके, जागा नवी.
वजा करायचे आहेत.
करीन.